एआयचा वेगळा पेपर नको, गणिताच्या तासातच जागा द्या : नागपूरच्या गणित अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
गणित विषयाची अभ्यास मंडळे,
नागपुरातील विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये.

स.न.वि.वि.

एम.एस्सी. गणित आणि उपयोजित गणिताच्या अभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्ता आणायची, यावर आता फारसे दुमत उरलेले नाही. ती कशी आणायची, हा खरा प्रश्न आहे. सहसा दोन सूचना पुढे येतात. पहिली, अभ्यासक्रमाच्या नावातच ‘एआय’ जोडावे. दुसरी, तिसऱ्या सत्रात ‘एआयची ओळख’ असा एक ऐच्छिक पेपर ठेवावा. या दोन्ही सूचना बाजूला ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. आज शिकवले जातात त्या चार पेपरांतच ही जागा करता येते : रेषीय बीजगणित, संख्यात्मक विश्लेषण, संभाव्यता आणि विकलक समीकरणे. दर सत्रात यांपैकी एका पेपराला जोडून आठवड्याला चार तासांची प्रयोगशाळा हवी आणि त्या प्रयोगशाळेला गुण हवेत.

‘ओळख’ नावाच्या पेपरात काय होते, हे ठाऊक आहे. पहिल्या घटकात इतिहास, दुसऱ्यात व्याख्या, तिसऱ्यात न्यूरल नेटवर्कची आकृती, चौथ्यात उपयोग आणि पाचव्यात नैतिकता. विद्यार्थी आकृती पाठ करतो, उत्तरपत्रिकेत काढतो आणि पास होतो. पण प्रशिक्षण चालू असताना त्रुटीचा आकडा वाढत का गेला, हे त्याला विचारले तर उत्तर नसते. ते उत्तर त्याच विद्यार्थ्याच्या दुसऱ्या पेपरात, स्थैर्याच्या प्रकरणात, लिहिलेले असते. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वर्धा, भंडारा, गोंदियातून बी.एस्सी. करून येणाऱ्या मुलामुलींचा पाया कच्चा नसतो. एप्सिलॉन-डेल्टा त्यांनी घासूनपुसून केलेले असते, विकलक समीकरणे हातखंडा असतात. उणीव दोन गोष्टींची असते. यंत्रावर आकडेमोड करून बघण्याची सवय नसते, आणि संभाव्यता फासे व पत्त्यांच्या पुढे गेलेली नसते. अभ्यासक्रमाने नेमकी हीच दोन भगदाडे बुजवायची आहेत.

सुरुवात रेषीय बीजगणितापासून करू, कारण सर्वांत जास्त फरक तिथे पडेल. आज या पेपरात सदिश अवकाश, रेषीय रूपांतरणे, जॉर्डन रूप हे सगळे असते. सिंग्युलर व्हॅल्यू डिकॉम्पोझिशन (एसव्हीडी), म्हणजे मॅट्रिक्सचे तीन सोप्या मॅट्रिक्समध्ये विघटन, मात्र शेवटच्या घटकात असते किंवा नसतेच. एआयच्या दृष्टीने जॉर्डन रूप जवळजवळ निरुपयोगी आहे. मॅट्रिक्समध्ये किंचित चूक शिरली तरी ते मोडते, म्हणून संगणकावर ते कोणी काढत नाही. एसव्हीडी मात्र रोज लागते. मोठ्या भाषा-प्रतिमानांना एखाद्या कामासाठी वळण लावण्याची २०२१ मध्ये आलेली लोरा ही पद्धत घ्या. ४०९६ × ४०९६ च्या मॅट्रिक्समध्ये १,६७,७७,२१६ संख्या असतात. लोरा त्या सगळ्या बदलत नाही. ती कोटी (रँक) ८ असलेली दुरुस्ती शिकते, म्हणजे ४०९६ × ८ आणि ८ × ४०९६ अशा दोन पट्ट्या, एकूण ६५,५३६ संख्या. मूळच्या २५६ व्या भागात काम होते. कमी कोटीच्या मॅट्रिक्सने मोठ्या मॅट्रिक्सच्या किती जवळ जाता येते, हे एकार्ट आणि यंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध करून ठेवले आहे. ते प्रमेय शिकवताना हे उदाहरण दिले तर पाच मिनिटे लागतात, आणि प्रमेय विद्यार्थ्याच्या डोक्यात कायमचे बसते.

प्रयोगशाळेतला पहिला प्रयोग कोणता असावा, हेही सांगतो. सन २००० ते २०२३ या चोवीस वर्षांचा पाऊस घ्यायचा आणि त्यावर वर्गीय बहुपदी बसवायची. वर्षाचा आकडा जसाच्या तसा, म्हणजे २०००, २००१ असा टाकायचा. जी मॅट्रिक्स तयार होते तिचा कंडिशन नंबर, म्हणजे आतली चूक बाहेर किती पट होऊन येते तो आकडा, सुमारे ३८ हजार कोटी निघतो. पुस्तकातल्याप्रमाणे नॉर्मल समीकरणे मांडली की या संख्येचा वर्ग होतो, आणि तो संगणकाच्या सोळा अंकांच्या अचूकतेच्या कितीतरी पलीकडे जातो. येणाऱ्या उत्तराला काही अर्थ राहत नाही. तरीही संगणक मुकाट्याने आकडे छापतो, एवढेच. आता वर्षातून २०११.५ वजा करायचे आणि ११.५ ने भागायचे. कंडिशन नंबर ३.५ वर येतो. पाऊस तोच, वर्षे तीच, बहुपदीही तीच. फक्त मोजपट्टीचा आरंभ आणि एकक बदलले. मशीन लर्निंगच्या प्रत्येक शिकवणीत ‘आधी फीचर स्केल करा’ असे सांगतात, कारण मात्र कोणी सांगत नाही. ते कारण या एका प्रयोगात आहे. त्याच तासाला नॉर्मल समीकरणे, क्यूआर विघटन आणि एसव्हीडी या तिन्ही वाटांनी उत्तर काढून तिन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

संख्यात्मक विश्लेषणाच्या पेपराला सगळ्यांत आधी हात लावावा. द्विभाजन, न्यूटन-रॅफसन, सिम्पसनचा नियम, रुंगे-कुट्टा हे सगळे कॅल्क्युलेटरवर चार दशांश स्थळांपर्यंत करून घेतले जाते. ते राहू द्या. पण संगणकात संख्या कशी साठते, हा भाग अर्ध्या तासात उरकला जातो, आणि आजचे निम्मे घोटाळे तिथेच होतात. दुहेरी अचूकतेत १ च्या शेजारची संख्या सुमारे २.२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात एवढ्या अंतरावर असते. न्यूरल नेटवर्क मात्र सहसा बत्तीस किंवा सोळा बिटांवर चालतात. सोळा बिटांच्या नेहमीच्या रूपात सर्वांत मोठी संख्या ६५,५०४ आहे. ई चा बारावा घात सुमारे १,६२,७५५ होतो, म्हणजे घातांक १२ आला की सॉफ्टमॅक्सचा (आकड्यांचे संभाव्यतांत रूपांतर करणाऱ्या सूत्राचा) हिशोब अनंतावर जाऊन पुढे ‘संख्या नाही’ असा निकाल येतो. बत्तीस बिटांत हीच वेळ घातांक ८९ ला येते. उपाय एका ओळीचा आहे : सगळ्या घातांकांतून त्यांतला सर्वांत मोठा आधी वजा करायचा. अंश आणि छेद दोन्ही एकाच संख्येने भागले जातात, उत्तर बदलत नाही. बारावीच्या मुलालाही समजेल असे हे बीजगणित आहे. पण कोठे वापरायचे हे माहीत नसेल तर दोन दिवसांचे प्रशिक्षण वाया जाते.

बीफ्लोट-१६ नावाचे दुसरे सोळा बिटांचे रूप आहे. त्याची मर्यादा मोठी आणि अचूकता कमी. त्यात २५६ अधिक १ केले तर उत्तर २५६ येते. नेटवर्कचे एखादे वजन, म्हणजे शिकवताना बदलली जाणारी संख्या, १ असेल आणि दुरुस्ती ०.००१ ची, तर वजन जागचे हलत नाही; हजार वेळा केली तरी हलत नाही. म्हणून वजनांची एक प्रत बत्तीस बिटांत वेगळी ठेवतात. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी स्वतः करायचा आहे, दहा ओळींचा आहे. राउंडिंग एरर म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ कुठेही दिसत नाही.

याच पेपरात विकलन यंत्राकडून करून घेण्याच्या तिन्ही पद्धती शिकवाव्यात. अंतर घेऊन भागाकार करण्याची पद्धत सगळ्यांना येते. तिच्यातली गोम अशी की अंतर मोठे घेतले तर सूत्राची चूक, आणि फार लहान घेतले तर वजाबाकीत अंक उडून जाण्याची चूक. पुढच्या बिंदूच्या सूत्रात दुहेरी अचूकतेला अंतर दहाच्या उणे आठव्या घाताच्या आसपास चांगले. ते दहाच्या उणे सोळाव्या घातापर्यंत खाली नेले तर एकच्या आसपास विकलज सरळ शून्य येतो. विद्यार्थ्याला अंतर आणि चूक यांचा आलेख लॉग-लॉग कागदावर काढायला लावा. तो इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा येतो, आणि त्या आकाराच्या दोन्ही बाजूंची कारणे वेगळी आहेत हे त्याला लिहायला सांगा. दुसरी पद्धत सूत्ररूप विकलनाची. तिसरी, उलट्या दिशेच्या स्वयंचलित विकलनाची, जिला एआयमध्ये बॅकप्रोपगेशन म्हणतात. ती शृंखला नियमाखेरीज काही नाही, पण नियम कोणत्या टोकाकडून लावायचा यात सारे इंगित आहे.

हिशोब करून पाहू. २८ × २८ च्या चित्रातल्या ७८४ बिंदूंवरून हस्तलिखित अंक ओळखणारे, मध्ये १२८ आणि शेवटी १० न्यूरॉन असलेले लहान नेटवर्क घेतले तर त्यात १,०१,७७० प्राचले, म्हणजे शिकवताना ठरणाऱ्या संख्या, असतात. अंतर घेऊन भागाकार करायचा तर एका ग्रेडियंटसाठी, म्हणजे प्रत्येक प्राचलाच्या विकलजासाठी, त्रुटीचे फल १,०१,७७१ वेळा काढावे लागेल. उलट्या दिशेने गेले तर एका वेळच्या खर्चाच्या काही पटींत, फार तर चार-पाच पटींत, सगळा ग्रेडियंट हाती येतो. परीक्षेत मात्र एवढे मोठे नेटवर्क देऊ नये. २ आत, ३ मध्ये, १ बाहेर असे नेटवर्क द्यावे. त्यात १३ प्राचले असतात आणि तेराही विकलज वीस मिनिटांत कागदावर काढता येतात. नंतर प्रयोगशाळेत तेच उत्तर यंत्राकडून काढायचे आणि दोन्ही बाजूंनी अंतर घेण्याच्या सूत्राने, ०.००००१ अंतर ठेवून, ताडून पाहायचे. आकडे सहा-सात अंकांपर्यंत जुळले नाहीत तर हातचा हिशोब चुकला आहे. बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते : एखादे चल दोन वाटांनी पुढे गेलेले असते आणि त्यांतल्या एकाच वाटेचा विकलज धरला जातो.

आता विकलक समीकरणे. ऑयलरच्या पद्धतीत क्षय पावणाऱ्या समीकरणाला पावलाची लांबी क्षयगुणांकाच्या व्यस्ताच्या दुपटीपेक्षा कमी हवी, नाहीतर उत्तर फुगते. हे प्रत्येक जण शिकवतो. ग्रेडियंट डिसेंट, म्हणजे उताराच्या दिशेने पावले टाकत त्रुटी कमी करणे, ही ग्रेडियंटच्या प्रवाहाला लावलेली ऑयलरचीच पद्धत आहे, म्हणून तिथली मर्यादाही तीच. साधे द्विचलीय फल घ्या : क्षचा वर्ग अधिक १०० गुणिले यचा वर्ग, सगळ्याचे निम्मे. पाऊल ०.०२ पेक्षा लहान हवे. ०.०३ घेतले तर यची किंमत दर पावलाला उणे दोनने गुणली जाते आणि दहा पावलांत १०२४ पट होते. ०.०१ घेतले तर य एका पावलात शून्यावर येतो, पण क्ष दर वेळी फक्त एक टक्का कमी होतो. मूळच्या एक टक्क्यावर यायला त्याला सुमारे ४६० पावले लागतात. लर्निंग रेट, म्हणजे पावलाची लांबी, शोधताना लोक अंदाजाने आकडे बदलत बसतात, त्याचे मूळ या दोन चलांच्या उदाहरणात आहे. दोन्ही दिशांच्या वक्रतेचे गुणोत्तर १०० आहे, आणि पावसाच्या उदाहरणातल्या कंडिशन नंबरचेच हे दुसरे रूप आहे. हा धागा एका शिक्षकाने एका पेपरात आणि दुसऱ्याने दुसऱ्या पेपरात सोडून दिला तर विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून चारही पेपरांच्या शिक्षकांनी सत्र सुरू होण्याआधी एकदा एकत्र बसून समान उदाहरणे ठरवावीत.

आंशिक विकलक समीकरणांसाठी नागपूरला उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. उथळ पाण्याची समीकरणे इथे शिकवावीत. पाणी २ मीटर खोल असेल तर लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर. प्रवाह सेकंदाला १ मीटर धरला तर माहिती ५.४ मीटरच्या वेगाने पसरते. जाळीचा चौकोन १० मीटरचा असेल तर काळाचे पाऊल १.८ सेकंदांपेक्षा कमी हवे. जास्त घेतले की काही पावलांत पाण्याची उंची निरर्थक आकड्यांवर उडी मारते. चौकोन २ मीटरचा केला तर चौकोनांची संख्या २५ पट आणि पावले ५ पट, एकूण काम १२५ पट. म्हणून लोक अशा गणनेच्या जागी न्यूरल नेटवर्क बसवू पाहतात : शंभर-दोनशे पावसांची गणना एकदा करून ठेवायची आणि नेटवर्कला तिची नक्कल शिकवायची. हे उपयोगी आहे, पण त्यातला धोका विद्यार्थ्याला मोजता यायला हवा. जो पाऊस शिकवणीत नव्हता, त्याच्याबद्दल नेटवर्क ठामपणे चुकते. मूळ गणनेत नाल्यावरचा एखादा बुजलेला पूल धरलेला नसेल, तर नेटवर्कलाही तो कधी कळणार नाही. समीकरणच त्रुटीत घालून शिकवण्याची एक पद्धत २०१९ पासून बरीच गाजली आहे. तिच्यात सीमेवरची चूक आणि आतल्या समीकरणाची चूक यांची वजने जमवणे अवघड जाते, आणि तीव्र चढउतार ती फार उशिरा शिकते. तिसऱ्या सत्रात तिच्यावर दोन तास पुरेत.

चित्रे तयार करणाऱ्या डिफ्यूजन प्रतिमानांना मात्र चौथ्या सत्रात पूर्ण घटक द्यावा. यादृच्छिक विकलक समीकरणे, फोकर-प्लांक समीकरण आणि काळ उलटा फिरवण्याचे सूत्र, तिन्ही एका जागी येतात. उपयोजित गणिताच्या विद्यार्थ्याला यापेक्षा घरचे क्षेत्र एआयमध्ये नाही. प्रयोग एका मितीत करावा. दोन गॉसियन ढिगांचे मिश्रण घ्या. त्याला हळूहळू गोंगाट मिसळत न्या, मग उलटे समीकरण ५०० पावलांत सोडवून मूळचे दोन ढीग परत मिळवा. इथे दिशा दाखवणारे फल हाताने काढता येते, नेटवर्क लागतच नाही. विद्यार्थी हमखास चुकतो ते गोंगाटाच्या गुणकात : काळाच्या पावलाचे वर्गमूळ घ्यायचे असते, तो नुसते पाऊल घेतो. मग पावले जितकी वाढवावीत तितका गोंगाट नाहीसा होत जातो आणि ढीग आकसून टोकदार होतात.

संभाव्यतेकडे येतो. या पेपराबद्दल आमचा आग्रह सगळ्यात जास्त आहे, कारण एआयमध्ये त्रुटी मोजण्याचे जवळजवळ प्रत्येक सूत्र म्हणजे कोणत्या तरी संभाव्यता-वितरणाचे गृहीतक असते. वर्गांची सरासरी घेतली की चुका गॉसियन आहेत असे मानले. क्रॉस-एन्ट्रॉपी घेतली की कमाल संभाव्यतेची पद्धत वापरली. हे न सांगता पायटॉर्च या नेटवर्कच्या तयार आज्ञावलीतले फल बोलावायला शिकवणे म्हणजे औषधाचे नाव सांगून मात्रा न सांगण्यासारखे आहे. विदर्भातले उदाहरण घ्या. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री ८ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरतात. हे मोजणीचे आकडे आहेत, गॉसियन नव्हेत. पहिला विचार प्वासाँचा येतो. प्वासाँमध्ये सरासरी आणि विचरण समान असते. सापळ्यांची सरासरी ६ आणि विचरण ४० निघाले तर प्वासाँ बाद. ऋण द्विपद वितरण घ्यावे लागते, नाहीतर इशाऱ्याची विश्वासमर्यादा फसवी अरुंद निघते. शिवाय ल्यूर, म्हणजे सापळ्यातले गंधाचे आमिष, जुनी झाली की सापळ्यात शून्य नोंदले जाते. ते शून्य शेतातले नसते, सापळ्यातले असते, आणि सरासरी काढणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरे उदाहरण तर सगळ्या देशाने पाहिले. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस नोंदवले, आणि तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. समजा, दहा केंद्रे आहेत, नऊंची नोंद ४४ आणि एकाची ५६. सरासरी ४५.२ होते, मध्यक ४४ च राहतो. वर्गांची बेरीज कमी करणारे प्रतिमान सरासरीच्या मागे जाते, निरपेक्ष अंतरांची बेरीज कमी करणारे मध्यकाच्या मागे. कोणती त्रुटी निवडायची, हा निर्णय गणिताचा आहे आणि तो पहिल्याच तासात घेता येतो.

याच पेपरात महालनोबिसांचे १९३६ चे अंतर आणि सी. आर. राव यांचे १९४५ चे काम शिकवावे. रावांनी त्या लेखात विचरणाची खालची मर्यादा दिलीच, पण संभाव्यता-वितरणांमधले अंतर फिशर माहितीने मोजायची कल्पनाही मांडली. आज नॅचरल ग्रेडियंट म्हणतात त्या पद्धतीचा पाया तोच आहे. रॉबिन्स आणि मन्रो यांची १९५१ ची अटही इथलीच : पावलांची बेरीज अनंत हवी आणि वर्गांची बेरीज सांत. वास्तव विश्लेषणात श्रेणींचे अभिसरण शिकलेल्या विद्यार्थ्याला ही अट पाहताक्षणी कळते.

ट्रान्सफॉर्मर या भाषा-प्रतिमानांमागच्या रचनेबद्दल एकच प्रश्न परीक्षेत असावा. २०१७ च्या मूळ सूत्रात अंतर्गुणाकाराला मितीच्या वर्गमुळाने का भागतात? घटक स्वतंत्र, सरासरी शून्य आणि विचरण एक असतील तर ६४ मितींत अंतर्गुणाकाराचे विचरण ६४ आणि प्रमाण विचलन ८ येते. एवढ्या मोठ्या आकड्यांवर सॉफ्टमॅक्स एकाच पदाला जवळजवळ सगळे वजन देतो आणि ग्रेडियंट मरतो. आठाने भागले की विचलन एकवर येते. चार ओळींचे उत्तर आहे, पण ज्याला ते देता आले त्याला विषय समजला.

मराठीचाही मुद्दा याच वर्गात यावा. देवनागरीतला प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. ‘नागपूर’ या शब्दात न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र असे सहा संकेत, म्हणजे १८ बाइट. रोमन लिपीत तोच शब्द ६ बाइटांत बसतो. बाइटांच्या जोड्या जुळवून तुकडे पाडणाऱ्या पद्धतीला मराठी मजकूर पुरेसा मिळाला नसेल तर मराठी वाक्याचे तुकडे जास्त पडतात. ट्रान्सफॉर्मर प्रत्येक तुकडा इतर तुकड्यांशी ताडतो, त्याला अटेंशन म्हणतात; त्यातल्या तुलनांची संख्या तुकड्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तुकडे तिप्पट झाले तर हा भाग नऊपट महाग. मराठी मजकुराची एन्ट्रॉपी मोजणे आणि स्वतः तुकडे पाडणारा कार्यक्रम लिहिणे, हा दुसऱ्या सत्राचा उत्तम लघुप्रकल्प आहे. काना-मात्रा अक्षरापासून तुटू नयेत यासाठी काय करावे लागते, हे शोधताना विद्यार्थी आपल्या लिपीकडेही नव्याने पाहतो.

एवढे सगळे घालायचे तर काढायचे काय? वास्तव विश्लेषण, माप सिद्धांत आणि फलनात्मक विश्लेषण यांना कृपया कात्री लावू नका. माप सिद्धांताशिवाय यादृच्छिक प्रक्रिया हवेत राहतात, हिल्बर्ट अवकाशाशिवाय कर्नेल पद्धती समजत नाहीत. काढता येईल ते बेसेल आणि लजांद्र फलांच्या पुनरावृत्ती-सूत्रांचे पाठांतर. सूत्रे कोठे शोधायची हे सांगितले की पुरे. एकाच प्रकारच्या समीकरणांचे प्रमाणित रूप चार-चार वेळा गिरवणेही कमी करावे. जॉर्डन रूपाला एक तास द्या, अध्याय नको.

प्रयोगशाळेसाठी महागडे यंत्र लागत नाही, हे आवर्जून सांगायचे आहे, कारण निधी नाही या एका कारणावर असे प्रस्ताव अडतात. बत्तीस बिटांत, अ‍ॅडम या ग्रेडियंट डिसेंटच्या सुधारित पद्धतीने शिकवताना दर प्राचलाला १६ बाइट लागतात : वजनाचे ४, ग्रेडियंटचे ४ आणि दोन सरासऱ्यांचे ८. वर सांगितलेल्या १,०१,७७० प्राचलांना दोन मेगाबाइटही लागत नाहीत. शंभर कोटी प्राचलांना मात्र मधल्या थरांची स्मृती न धरताही १६ गिगाबाइट लागतील. एम.एस्सी.चे सगळे प्रयोग पहिल्या प्रकारचे ठेवता येतात. ८ गिगाबाइट स्मृतीचे वीस साधे संगणक, त्यांवर लिनक्स, पायथन, नमपाय आणि पायटॉर्च. सगळी आज्ञावली फुकट आहे. आंतरजालावर अवलंबून राहू नये, स्थापना आधीच करून ठेवावी. एप्रिल-मेमध्ये वीज गेली तर तासाभराचे काम जाऊ नये म्हणून दर काही फेऱ्यांनी वजने फाइलमध्ये साठवायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. यादृच्छिक संख्यांचे बीज प्रत्येक अहवालात लिहिलेले हवे, नाहीतर उत्तर तपासता येत नाही.

पहिल्या सत्रात न्यूरल नेटवर्कची तयार आज्ञावली वापरू देऊ नये. नमपायमध्ये मॅट्रिक्स गुणाकार, क्यूआर, ग्रेडियंट डिसेंट आणि तेरा प्राचलांचे नेटवर्क स्वतः लिहू द्यावे. दुसऱ्या सत्रापासून पायटॉर्च. एका बाकावर दोघे, पण लिहिणारा हात दर आठवड्याला बदललेला. प्रयोगवहीत आज्ञावलीची छापील प्रत चिकटवून भागत नाही. काय अपेक्षित होते, काय आले आणि फरक का पडला, या तीन गोष्टी हाताने लिहायला लावाव्यात. आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे, म्हणजे ६० तास आणि २ क्रेडिट. प्रात्यक्षिक परीक्षा तीन तासांची असावी. तिच्यात एक मोडकी आज्ञावली द्यावी आणि दोष शोधायला सांगावे. पाठ करून येता येणार नाही असा परीक्षेचा हाच एक प्रकार आम्हाला दिसतो, आणि तयार उत्तरे देणाऱ्या चॅटबॉटच्या काळात त्याची गरज वाढली आहे.

संशोधन प्रकल्पाची जागा नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात आधीच आहे : दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटपैकी तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ प्रकल्पाला, शिवाय दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला ४, म्हणजे साधारण १२० तास. नागपुरात नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे, मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे, राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे. हवा, कपाशी, संत्रा, माती, उपग्रह-चित्रे यांची मोजमापे जिथे होतात त्या संस्था सिटी बसच्या अंतरावर असताना विद्यार्थ्यांनी परदेशी संकेतस्थळावरून घरांच्या किमती उतरवून प्रकल्प करावेत, हे मनाला पटत नाही. अभ्यास मंडळाने या संस्थांना एकत्रित पत्र लिहावे. एकेका विद्यार्थ्याने अर्ज घेऊन फिरण्यापेक्षा त्याला वजन येते. मागणी लहान आणि नेमकी ठेवावी : एक स्वच्छ केलेली माहितीची फाइल, तिच्यातील स्तंभांचे वर्णन, आणि महिन्याला एक तास देणारा एक शास्त्रज्ञ.

प्रकल्पांत कुठे घसरते तेही मंडळाला माहीत असावे, म्हणजे मूल्यमापनाच्या तक्त्यात ते येईल. समजा, काटोलच्या बागांमधली संत्र्याच्या पानांची हजार छायाचित्रे आहेत, ९५० निरोगी आणि ५० कोळशी या रोगाची. प्रत्येक पानाला ‘निरोगी’ म्हणणारे यंत्रही ९५ टक्के अचूक ठरते. म्हणून अहवालात नुसती अचूकता चालणार नाही, रोगी पानांपैकी किती पकडली हे वेगळे हवे. त्याहून लपून राहणारी चूक म्हणजे छायाचित्रे कशीही पिसून शिकवणीची आणि चाचणीची वेगळी करणे. एकाच झाडाची दहा छायाचित्रे दोन्हीकडे जातात. यंत्र झाड ओळखते, रोग नाही, आणि दुसऱ्या बागेत गेल्यावर कोसळते. विभागणी झाडानुसार, शक्य तर बागेनुसार करावी. हवामानाच्या आकड्यांत विभागणी काळानुसार : आधीची वर्षे शिकवायला, नंतरची तपासायला. सरासरी आणि विचलन काढून स्केल करायचे तेही शिकवणीच्या भागावरूनच काढायचे, सगळ्यावरून नाही. प्रत्येक प्रकल्पात साधे रेषीय प्रतिमान आधी चालवून त्याचा आकडा पहिल्या पानावर लिहिणे सक्तीचे करावे. नेटवर्क त्याच्या पुढे गेले नाही तर तसे लिहायला हवे, आणि त्यासाठी गुण कापू नयेत.

शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. बहुतेक विभागांत कायम अध्यापक मोजके आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांवर भार आहे. नवी माणसे मिळेपर्यंत थांबावे असे आम्हाला वाटत नाही. संख्यात्मक विश्लेषण शिकवणाऱ्याला वर सांगितलेला भाग समजायला एक उन्हाळी सुट्टी पुरते. त्याला पायथन येत नाही, गणित येते, आणि पायथन हा सोपा भाग आहे. काही विषय स्वयम् या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी मंचावरून घेता येतील. नियमांनुसार सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेण्याची मुभा आहे. मात्र प्रयोगशाळा तिथे ढकलू नये. शिकवताना पारिभाषिक शब्द इंग्रजी राहिले तरी स्पष्टीकरण मराठीत करायला कोणी कचरू नये. ‘कंडिशन नंबर म्हणजे आतली चूक बाहेर किती पट होऊन येते तो आकडा’, हे वाक्य एकदा मराठीत ऐकले की पुढच्या बाकावरचे आणि मागच्या बाकावरचे सारखेच पुढे जातात.

विद्यार्थ्यांच्या पुढच्या वाटेच्या दृष्टीनेही उशीर करू नये. गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स व एआय असा स्वतंत्र पेपर आहे, आणि त्यात संभाव्यता, रेषीय बीजगणित, कलन व इष्टतमीकरण यांचा मोठा वाटा आहे. गणिताच्या विद्यार्थ्याला तो घरचा पेपर वाटायला हवा.

आमची मागणी तीन ठरावांची आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून संख्यात्मक विश्लेषणाला २ क्रेडिटची प्रयोगशाळा जोडावी. हा एकच बदल आधी करून पाहिला तरी चालेल. रेषीय बीजगणितात एसव्हीडी आणि कंडिशन नंबर दुसऱ्या घटकात आणावेत. आणि संशोधन प्रकल्पाच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात विभागणीची पद्धत, साध्या प्रतिमानाशी तुलना आणि यादृच्छिक बीजाची नोंद यांना स्वतंत्र गुण द्यावेत. पंधरा आठवड्यांच्या प्रयोगांची यादी, नमुना प्रात्यक्षिक प्रश्नपत्रिका आणि दोष पेरलेल्या सहा आज्ञावल्या आम्ही तयार केल्या आहेत. मंडळाच्या बैठकीची तारीख कळवल्यास त्या घेऊन येऊ, आणि पहिल्या सत्रात कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसोबत बसून हे प्रयोग एकदा चालवून द्यायलाही तयार आहोत. शनिवारी दुपारी सोयीचे पडेल.

कळावे,

आपले स्नेहांकित,
नागपुरातील उपयोजित गणिताचे काही अध्यापक व अभ्यासक